रिकाम्या समेवरचा रॉक

जमैकातलं रेगे पहिल्यांदा ऐकणाऱ्या तबलजीची फजिती ठरलेली. मांडीवर बोटं आपटत तो सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, शोधायला लागतो आणि समेवर त्याला काहीच सापडत नाही. ढोल नाही, बास गिटारही बरेचदा नाही, नुसती झांजेची बारीक टिकटिक. प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकणाऱ्याची फजिती वेगळी. त्याला सम सापडते, पण दोन आवर्तनांनी ती जागा सोडून पळालेली असते. आता एखाद्या बँडने ही दोन्ही संगीतं एकत्र वाजवायची ठरवली, तर तो नेमकं काय करत असतो?

हे लिहायला बसलो ते आमच्या भागातल्या धुमाल पार्टीच्या पोरांमुळे. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: धुमाल म्हणजे ढोल, ताशे, ऑक्टोपॅड, कॅसिओ आणि वर भोंग्यांची रास घेऊन लग्न-वरातीत वाजणारी पार्टी. नागपूरपासून यवतमाळपर्यंत गावोगाव आहेत. लग्नसराई संपली आणि पेरण्या उरकल्या की या पोरांना वेळच वेळ. यूट्यूबवर एका गाण्यातून दुसऱ्यात शिरत शिरत ती कुठल्या कुठे पोहोचतात. अशातच एकाने मोबाइल माझ्या कानाला लावला. "काका, हे रेगे हाय का रॉक? आन् याचा ठेका कोठी गेला? मले तं सापडूनच नाई राहिला."

मी भजनी मंडळात तबला आणि खंजेरी वाजवतो. त्यामुळे जे सांगणार ते तालाच्या बाजूने. सुरांचं, कॉर्डचं (एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या जुडीचं) बोलायला माझ्यापेक्षा जाणते लोक आहेत.

आधी रेगे

जमैका आपल्याकडे माहीत आहे ती मायकेल होल्डिंग, कोर्टनी वॉल्श आणि ख्रिस गेलमुळे. सुमारे ११,००० चौरस किलोमीटरचं बेट, म्हणजे आमच्या यवतमाळ जिल्ह्यापेक्षाही लहान. १९६२ साली ते ब्रिटिशांपासून स्वतंत्र झालं, तेव्हा तिथे स्का नावाचं उडत्या चालीचं संगीत जोरात होतं. १९६६च्या सुमारास त्याची लय उतरली आणि रॉकस्टेडी आलं. १९६८च्या आसपास त्यातून रेगे निघालं. लय उतरल्याचा मोठा परिणाम बास गिटारवर झाला. दोन ठोक्यांमध्ये ऐसपैस जागा झाली, आणि आजवर मागे उभं राहून स्वर धरून ठेवणारा बासवाला आता धून वाजवायला लागला. रेगेत गाणं गुणगुणायचं असेल तर बरेचदा बासच गुणगुणावा लागतो.

आता ठेका. चार मोजा, जरा चालत्या लयीत. एकवर काहीही नाही. दोनवर गिटारची तार दाबून लगेच सोडलेला कोरडा 'चक'. तीनवर ड्रमवाला पायाचा मोठा ढोल आणि हातातल्या काठीचा ठोका एकदम टाकतो, 'धम्'. चारवर पुन्हा 'चक'. झालं. रिकामा, चक, धम्, चक. ऑर्गनवाला मधल्या फटी दोन्ही हातांनी भरत राहतो, पण इतक्या हळू की तो थांबला तरच कळावं. या ठेक्याला वन ड्रॉप म्हणतात, आणि बॉब मार्लेच्या वेलर्स बँडचा ड्रमर कार्लटन बॅरेट हा त्याचा उस्ताद. बासवर त्याचा सख्खा भाऊ, अ‍ॅस्टन. हे दोघे भाऊ एकत्र वाजवताना काय काय *वाजवत नाहीत* ते ऐकण्यासारखं आहे.

आपल्या कानाला हे का खटकतं तेही सांगतो. आपला केहरवा घ्या, भजनी ठेका घ्या: समेवर दणका ठरलेला. मोझरीच्या तुकडोजी महाराजांच्या परंपरेतलं खंजेरी भजन ज्यांनी समोर बसून ऐकलंय त्यांना माहीत आहे, समेवरची थाप चुकली तर अख्खं मंडळ वळून बघतं. वन ड्रॉपमध्ये तीच थाप मुद्दाम गिळलेली असते. शरीर तिथे पडायला जातं आणि जमीन एक पाऊल पुढे सापडते. रेगेवर माणसं उड्या मारण्याऐवजी डोलतात, त्याचं कारण माझ्या मते हेच.

रेगेचे सगळेच ठेके असे नसतात. स्टेपर्स नावाच्या प्रकारात पायाचा ढोल चारही मात्रांवर पडतो. धुमालच्या पोरांनी तो ऐकताक्षणी उचलला, कारण वरातीत ते दुसरं काय करतात? वन ड्रॉपने मात्र त्यांचा घाम काढला. हात समेवर आपोआप पडतो. एकाला तर मी समेवर डावा हात पाठीमागे धरून ठेवायला लावला.

रेगेची आणखी एक बाजू इथल्या माणसाला समजावून सांगायची गरज पडत नाही. किंग्स्टनच्या वस्त्यांतलं हे संगीत गुलामगिरीची आठवण, गरिबी आणि माणूस म्हणून ताठ उभं राहणं यांविषयी बोलतं. नागपूरला दीक्षाभूमी असलेल्या विदर्भात, जिथे एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये रात्र रात्र भीमगीतं चालतात, तिथे नाचवता नाचवता हिशेब मागणारं गाणं काय असतं ते पोरांना ठाऊक आहे. युनेस्कोने २०१८ साली जमैकन रेगेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. वस्तीतल्यांनी ते त्याआधी पन्नास वर्षं घेतलेलंच होतं.

आता प्रोग्रेसिव्ह रॉक

हे जरा भराभर उरकतो, कारण याबद्दल बोलणारे लोक थांबत नाहीत आणि मलाही ती लागण व्हायची.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या काही रॉक वादकांना तीन मिनिटांच्या प्रेमगाण्याचा कंटाळा आला. शास्त्रीय संगीत, जॅझ, नवे सिंथेसायझर, सगळं घेऊन त्यांनी लांबलचक रचना बांधायला सुरुवात केली. किंग क्रिमसनची पहिली तबकडी १९६९ची. यस बँडने १९७२ साली अठरा मिनिटांहून मोठं एक गाणं केलं आणि त्याने तबकडीची एक अख्खी बाजू व्यापली. त्याच वर्षी जेथ्रो टलने दोन्ही बाजू मिळून एकच गाणं केलं. एका गाण्यात चार-पाच वेगळे भाग, मध्येच लय बदल, मध्येच ताल बदल, पाच मात्रा, सात मात्रा, अकरा मात्रा. गाण्यांमधून एकच गोष्ट सांगणारी सबंध तबकडी हीही त्यांची हौस.

चांगलं असतं तेव्हा ते फार चांगलं असतं. वाईट असतं तेव्हा शाळेच्या गॅदरिंगमध्ये मुलाने पाठ केलेलं सगळं एका दमात म्हणून दाखवावं तसं वाटतं.

भांडण कुठे आहे

दोघांचे स्वभाव उलटे आहेत. रेगे वजाबाकी करतं, प्रोग, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक, बेरीज करतं. रेगेमध्ये दोन कॉर्डवर पाच मिनिटं काढली तरी कोणी तक्रार करत नाही, उलट तेच हवं असतं. एकच गोष्ट फिरत राहिली की ऐकणारा तिच्या आत जाऊन बसतो. प्रोगवाल्याला दोन कॉर्डवर अर्धं मिनिट झालं की हात शिवशिवतात. जमैकातलं रेगे वाढलं ते छोट्या तबकडीवर, एका बाजूला एक गाणं. प्रोग मोठ्या तबकडीशिवाय जगूच शकलं नसतं. एकाचा गाभा बास आणि ड्रम, दुसऱ्याचा गाभा कीबोर्ड, गिटार आणि वादकाची हुशारी.

म्हणून "आम्ही रेगे आणि प्रोग एकत्र करतो" म्हणणारे बँड बहुतेकदा एकाच ठिकाणी घसरतात. गिटारवर 'चक चक' ठेवतात आणि ड्रमवाला मात्र प्रोगचाच राहतो. त्याला समेवर गप्प बसवत नाही. रिकामी जागा दिसली की तो भरतो. मग जे उरतं ते रॉक, फक्त उलट्या मात्रेवर गिटार लावलेलं. रेगे गिटारच्या चकमध्ये असतं हा समज खोटा आहे. चक काढून टाका आणि बास-ड्रम तसेच ठेवा, रेगे शाबूत राहतं. रिकामी सम भरून टाका, मग वर कितीही चक करा, ते गेलं.

हा निकष धरला की कोणाला जमलं आणि कोणाला नाही ते ओळखायला सोपं जातं.

ज्यांनी केलं

दोन्ही संगीतं एका छताखाली आली ती एका कंपनीमुळे, हे फारसं कोणी सांगत नाही. क्रिस ब्लॅकवेलने १९५९ मध्ये जमैकात आयलंड रेकॉर्ड्स सुरू केली आणि १९६२ मध्ये ती लंडनला नेली. या कंपनीने ब्रिटनमध्ये किंग क्रिमसन काढलं, जेथ्रो टलच्या सुरुवातीच्या तबकड्या काढल्या, इमर्सन लेक अँड पामर काढलं, आणि १९७३ मध्ये वेलर्सची 'कॅच अ फायर' काढली. तीही जमैकातून आली तशी नाही. ब्लॅकवेलने लंडनमध्ये तिच्यावर वेन पर्किन्स या अमेरिकन वादकाकडून रॉक गिटार चढवून घेतली, कारण त्याला ती रॉक ऐकणाऱ्या गोऱ्या पोरांपर्यंत न्यायची होती. यात धंदा होता हे उघड आहे. पण त्या तबकडीत खालचे बास-ड्रम जागचे हलवलेले नाहीत. गिटार वरून येते, बोलते आणि जाते. मिश्रणाचा पहिला धडा तिथेच आहे, आणि तो एका व्यापाऱ्याने दिला.

पुढच्या वर्षी इंग्लिश गिटारवादक एरिक क्लॅप्टनने मार्लेचं एक गाणं गाऊन अमेरिकेत पहिला नंबर मिळवला. रेगेतून पैसा कोणी केला हा प्रश्न तेव्हापासून आहे, आणि तो विचारलाच पाहिजे.

मग पोलीस नावाचा बँड. १९७७ साली लंडनमध्ये जमलेलं हे त्रिकूट लोकांना पंक, म्हणजे साधं आणि धसमुसळं रॉक वाजवणारे, म्हणून माहीत झालं, पण त्यांचा इतिहास बघा. ड्रमर स्ट्युअर्ट कोपलंड त्याआधी कर्व्ह्ड एअर या प्रोग बँडमध्ये होता. गिटारिस्ट अँडी समर्स १९६८ मध्ये काही काळ सॉफ्ट मशीन या बँडबरोबर वाजवून आला होता. बास वाजवणारा गायक स्टिंग जॅझमधून आलेला. म्हणजे तिघांनाही अवघड वाजवता येत होतं आणि तिघांनीही कमी वाजवायचं ठरवलं. त्यांचं १९७९चं 'वॉकिंग ऑन द मून' ऐका. बास तीन स्वर वाजवतो आणि थांबतो. गिटारची एकच कॉर्ड पडते आणि विरत जाते. मधली जागा कोपलंडच्या झांजेवर. लांबी सोडली तर त्या झांजेच्या कामात प्रोगची सगळी बारीकी आहे, फक्त ती ओरडून सांगत नाही. माझ्या मते या मेळात सगळ्यात शहाणं काम हेच, आणि त्यांना कोणी प्रोग म्हणत नाही ही गंमत.

कॅनडाच्या रश बँडने उलट्या बाजूने सुरुवात केली. ते पक्के प्रोग. १९७६ मध्ये वीस मिनिटांची रचना करून नाव कमावलेले. १९८०च्या 'स्पिरिट ऑफ रेडिओ'मध्ये शेवटाकडे अचानक काही क्षण रेगे येतं आणि पुन्हा रॉक सुरू होतं. गाणंच रेडिओविषयी, त्यामुळे मध्येच स्टेशन बदलल्यासारखी ती उडी शोभते. पुढच्या वर्षीच्या 'मूव्हिंग पिक्चर्स' या तबकडीचं शेवटचं गाणं 'व्हायटल साइन्स' आणखी पुढे जातं. तिथे रेगे पाहुणं नाही, घरचं आहे. नील पर्ट हा जगातल्या सगळ्यात भरगच्च वाजवणाऱ्या ड्रमरांपैकी एक. तो रेगेच्या अंगाने वाजवताना स्वतःला किती आवरतो आणि कुठे त्याच्याने राहवत नाही, हे ऐकायला मला फार मजा येते. राहवत नाही तिथे तो नील पर्ट होतो आणि रेगे निसटतं. पण तो निसटू देतो, मग पुन्हा पकडतो, आणि गाणं त्या पकडापकडीवरच उभं आहे.

पुढे इंग्लंडच्या ऑझरिक टेंटॅकल्सनी १९८०च्या दशकापासून शब्दांविना लांब रचना केल्या. त्यात सिंथेसायझर, बासरी आणि मध्येच संथ डब रेगे येतो. टेक्सासच्या एल पासोमधल्या मार्स व्होल्टा बँडच्या दोन मुख्य माणसांनी आधी डी फॅक्टो नावाचा डब बँड चालवला होता. २००३च्या त्यांच्या पहिल्या अल्बमात प्रोगचा गोंधळ आणि डबची पोकळी शेजारी शेजारी नांदतात.

डब, म्हणजे पूल

हा शब्द तीनदा आला, तर तो नीट सांगायला हवा. कारण रेगे आणि प्रोग यांच्यात खरा पूल बांधला तो डबने.

किंग्स्टनमध्ये गाणी रेडिओपेक्षा जास्त वाजायची ती साउंड सिस्टिमवर. म्हणजे उंचच उंच स्पीकरची चळत, अ‍ॅम्प्लिफायर, तबकडी लावणारा आणि माईकवर बोलणारा. आमच्याकडच्या डीजेवाल्यांना वेगळं काही सांगावं लागत नाही. तालुक्याच्या गावी अ‍ॅम्प्लिफायर उघडून बसलेला, हातात सोल्डरिंग आयर्न, शेजारी जळके ट्रान्झिस्टर आणि थंड झालेला चहा, असा मेकॅनिक तुम्ही पाहिला असेल. किंग टबी हा असाच माणूस. इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती करणारा, स्वतःची साउंड सिस्टिम बांधणारा. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने तयार गाण्यांचे ट्रॅक घेऊन मिक्सरवर त्यातून गायक काढून टाकला. मग गिटार काढली. बास आणि ड्रम तेवढे राहिले. मध्येच गायकाचा एखादा शब्द आत सोडायचा, त्यावर प्रतिध्वनी चढवायचा आणि पुन्हा बंद. तबकडीच्या मागच्या बाजूला ही अशी 'व्हर्जन' छापली जायची. ली स्क्रॅच पेरी हा या कलेतला दुसरा मोठा माणूस, टबीपेक्षा जास्त विक्षिप्त.

म्हणजे मिक्सर हेच वाद्य झालं. आणि नेमक्या त्याच वर्षांत, हजारो मैलांवर, इंग्लंडचा प्रोग बँड पिंक फ्लॉइड काय करत होता? 'डार्क साइड ऑफ द मून'मधल्या 'मनी' या गाण्यासाठी बँडच्या रॉजर वॉटर्सने नाण्यांचे, गल्ल्याचे, कागद फाटण्याचे आवाज टेपवर घेतले. त्या टेपचे तुकडे मोजून कापले आणि जोडून एक गोल फिरणारी पट्टी केली, म्हणजे आवाज तालात पडतील. ती तबकडी १९७३ची. टबीने आवाज काढून टाकून आणि फ्लॉइडने आवाज जोडून, दोघांनीही हेच दाखवलं की गाणं वाजवून झाल्यावर संपत नाही.

तीस वर्षांनी, २००३ मध्ये, न्यूयॉर्कच्या ईझी स्टार ऑल-स्टार्स या मंडळींनी फ्लॉइडची ती अख्खी तबकडी पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत रेगे आणि डबमध्ये केली आणि 'डब साइड ऑफ द मून' नावाने काढली. नाव ऐकून मला वाटलं होतं की थट्टा असेल. थट्टा आहेच, पण कामही चोख आहे. लांब, सलग, एकातून दुसरं निघणारी तबकडी ही प्रोगची गोष्ट, आणि तिच्या आतला श्वास डबचा.

सात मात्रांचं रेगे

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहिलं त्या जागी येतो. फ्लॉइडचं ते 'मनी' सात मात्रांत आहे. गिटारच्या एकल वादनात ते चारांत जातं आणि पुन्हा सातावर येतं. पोरांनी विचारलं, "काका, वन ड्रॉप सातात बसंल का?"

चारांत 'धम्' तीनवर पडतो, म्हणजे बरोबर अर्धं आवर्तन झाल्यावर. साताचं अर्धं साडेतीन. तिथे ठोकाच नाही. अडचण ही आहे.

पहिला उपाय सोपा. चार अधिक तीन करा: रिकामा, चक, धम्, चक, रिकामा, चक, धम्. म्हणजे वन ड्रॉप दोनदा वाजवायचा आणि शेवटचा चक कापायचा. वाजतं. पण आवर्तन वळताना लंगडतं. शेवटच्या धम् नंतर लगेच रिकामी सम येते आणि गिटारला सहावरून थेट पुढच्या दोनवर उडी घ्यावी लागते. कॅसिओवर चक वाजवणारा पोरगा दर वेळी तिथे अडखळत होता.

दुसरा उपाय गिटारला न थांबवण्याचा. एक सोडून एक चक चालूच ठेवायचा. पहिल्या आवर्तनात तो दोन, चार, सहावर पडतो. सात विषम असल्यामुळे पुढच्या आवर्तनात तोच चक एक, तीन, पाच, सातवर जातो. तिसऱ्यात पुन्हा दोन, चार, सहा. दोन आवर्तनं, चौदा मात्रा झाल्या की वर्तुळ मिळतं. प्रोगवाल्यांच्या तोंडाला पाणी सुटावं असा हा प्रकार. फक्त दर दुसऱ्या आवर्तनात चक समेवर येऊन बसतो, म्हणजे जी जागा रिकामी ठेवायची तीच भरली जाते. डोकं गरगरतं, आणि रेगे जातं.

मग मी तबला पुढे ओढला आणि रूपक लावला.

रूपक सात मात्रांचा, तीन-दोन-दोन. *ती ती ना, धी ना, धी ना.* बहुतेक तालांत समेवर टाळी असते. रूपकात समेवर खाली आहे, म्हणजे तिथे टाळी न देता हात रिकामा फिरवतात. पहिल्या तीन मात्रांत डग्गा घुमतच नाही. टाळी पडते ती चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर, आणि डग्गा तिथेच तोंड उघडतो. आता प्रत्येक 'ना'वर चक ठेवा: तीन, पाच, सात. चौथ्या मात्रेच्या 'धी'वर धम् ठेवा. एक आणि दोन मोकळे सोडा. सहावर हवं तर बासला बोलू द्या. चक आणि धम् एकमेकांच्या पायात येत नाहीत, सम रिकामी राहते, आणि आवर्तन वळताना जी दोन मात्रांची मोकळीक मिळते तिथे लंगडेपणा जाणवत नाही, कारण रूपकाचा तो उंबरठाच आहे.

पोरांनी वाजवलं तेव्हा थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. मग ऑक्टोपॅडवाला म्हणाला, "अबे, हे तं आपल्याच भजनातलं होय ना बाप्पा!" तसं पूर्ण नाही. लय चढवली की तो भावगीताच्या वळणावर जातो, आणि रूपकाची खाली ही मूळ शांत, रेगेची रिकामी सम ठसकेबाज. मी त्यांना हे सांगितलं, त्यांनी अर्धं ऐकलं. तरी रिकाम्या समेवर उभं राहायची सवय रूपक वाजवणाऱ्याच्या हाताला आधीच असते, एवढं मी छातीठोकपणे सांगेन. लंडनच्या ड्रमरला जे शिकावं लागलं ते आपल्या तबलजीला फक्त आठवावं लागतं.

ऐकायचं कसं

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. बास गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला सुमारे ४१ कंपनं होतात, आणि बोटाएवढ्या स्पीकरला ते झेपतच नाही. तो वरवरचे अंश ऐकवतो आणि तळ गिळतो. मग रेगे म्हणजे नुसता चक-चक उरतो आणि माणसं म्हणतात, यात काय आहे? बरा हेडफोन घ्या. नाहीतर डीजेवाला ओळखीचा असेल तर त्याच्या बेसवर दुपारच्या वेळी, बेताच्या आवाजात लावून बघा. शेजाऱ्याच्या म्हशीला त्रास होईल इतकं वाढवू नका. रेगे ऐकायला छाती हादरावी लागते हे खरं, भिंत हादरायची गरज नाही.

सुरुवात वेलर्सच्या 'कॅच अ फायर'पासून करा आणि पहिल्या वेळी फक्त बास ऐका, गाण्याचे शब्द सोडून द्या. मग पोलीसचं 'वॉकिंग ऑन द मून'. मग रशचं 'व्हायटल साइन्स', तिथे ड्रमवर कान ठेवा. फ्लॉइडची मूळ तबकडी आणि तिचा डब अवतार लागोपाठ ऐकायला दीड तास काढावा लागेल; पावसाळ्यात वीज गेलेली नसेल अशी एखादी दुपार बघा. मार्स व्होल्टा सगळ्यात शेवटी, आणि आवडलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका, मलाही अर्धंच आवडतं.

नवा कुठलाही बँड समोर आला आणि तो स्वतःला रेगे-प्रोग म्हणवत असेल, तर लय सापडल्यावर चार मोजा आणि एकवर कान ठेवा. तिथे ढोल पडत असेल तर पुढे काय होतं ते पाहा: गाणं कधीतरी तो ढोल काढून घेतं का, की शेवटपर्यंत भरलेलंच राहतं? आमच्या पोरांनी हा खेळ सुरू केलाय. मात्र दर वेळी त्यांचं एकमत होतं असं नाही, आणि लग्नाच्या सुपारीत यातलं काही वाजवायला वरबाप तयार होईल असंही नाही. एकाने हळदीच्या रात्री दोन मिनिटं वन ड्रॉप घुसवून पाहिला. नाचणारे थांबले, एका मामाने विचारलं, "मशीन बंद पडली काय बे?" त्यांनी लगेच स्टेपर्स लावला आणि नाच पुन्हा सुरू झाला.